हवाई बेटांवर स्टील गिटार कोठे ऐकावी?

मराठी घरांत हवाई बेटांचे नाव पोहोचले ते भूगोलाच्या पुस्तकापेक्षा एका वाद्याच्या नावातूनच अधिक. ‘हवाईयन गिटार’ हे शब्द आकाशवाणीच्या निवेदकाच्या तोंडून ऐकले नाहीत असा जुना श्रोता विरळाच. एखाद्या चित्रपटगीताची ओळखीची चाल असे, शब्द मात्र नसत. आणि सूर पायऱ्या न मोजता उतारावरून घरंगळावा तसा एका स्थानावरून दुसऱ्या स्थानावर अलगद जात असे. ज्या बेटांनी हे वाद्य जगाला दिले, ती बेटे पाहण्याचा योग आज पुष्कळ मराठी कुटुंबांना येतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेले आईवडील सुटीच्या दिवसांत आठवडाभर होनोलुलूस जाऊन येतात. समुद्र पाहतात, ज्वालामुखी पाहतात, आणि मनात कोठेतरी अशी अपेक्षा बाळगून असतात, की तो जुना स्वर येथे पावलोपावली कानी पडेल.

या अपेक्षेच्या वाट्याला बहुधा निराशा येते. हॉटेलच्या लिफ्टमध्ये ध्वनिमुद्रित संगीत चालू असते, पण वाजविणारा माणूस दिसत नाही. समुद्रकाठच्या मद्यगृहात गिटार असते, परंतु ती उभी धरलेली, साधी असते आणि तिच्यावर अमेरिकेतील लोकप्रिय गीते वाजतात. ‘लूआऊ’ नावाच्या मेजवानीचे तिकीट काढावे, तर तेथे मोठमोठे ढोल वाजतात आणि पेटती सुरी फिरविणारा नर्तक टाळ्या घेऊन जातो. तो अग्निनृत्याचा प्रकार मूळचा सामोआचा, ढोलांच्या जलद ठेक्यावरील नृत्य ताहितीचे. पाहणारा मात्र दोन्ही हवाईची समजून परततो. सात दिवसांची सुटी संपते आणि ज्या वाद्याने या बेटांचे नाव जगभर नेले, ते प्रत्यक्ष ऐकल्यावाचूनच प्रवासी विमानात बसतो.

असे का व्हावे? आणि असे होऊ नये म्हणून प्रवाशाने काय करावे? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. दुसऱ्याचे उत्तर हवे असेल, तर पहिल्याकडे आधी वळावे लागते.

हवाई बेटांना गिटार मुळात ठाऊक नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात तेथील गुरे हाकण्यासाठी मेक्सिकोकडील गुराखी आणण्यात आले, त्यांच्याबरोबर गिटार आली असे मानले जाते. हवाईच्या लोकांनी तिच्या तारा आपल्या मनाप्रमाणे सैल करून घेतल्या आणि स्वतःची एक वादनपद्धती निर्माण केली. तिला ‘की होआलू’, म्हणजे सैल तारांची गिटार, असे म्हणतात. त्यापूर्वी १८२० साली न्यू इंग्लंडमधून प्रोटेस्टंट मिशनरी आले होते. त्यांनी हुला नृत्याला विरोध केला, पण त्यांच्या स्तोत्रांबरोबर अनेक आवाजांत मिळून गाण्याची रीतही आली आणि ती लोकांच्या गळ्यात बसली. पुढे १८७९ साली ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज मदैरा बेटांवरील पोर्तुगीज मजुरांना घेऊन होनोलुलूच्या बंदरात लागले. त्यांच्याजवळ चार तारांचे एक लहान वाद्य होते. त्यातूनच युकुलेली घडली. ज्या पोर्तुगीज दर्यावर्दी जगाने गोव्याच्या गावोगावी तंतुवाद्ये आणि स्तोत्रसंगीत रुजविले, त्याच जगाचे एक टोक असे प्रशांत महासागरात जाऊन पोहोचले होते.

या संगमातून स्टील गिटार जन्माला आली. तिच्या जनकत्वाचा मान जोसेफ केकुकू या हवाईयन मुलाला दिला जातो. १८७४ साली ओआहू बेटावरील लाईए या गावी त्याचा जन्म झाला. शाळकरी वयातच, १८८५ ते १८८९ च्या दरम्यान केव्हातरी, त्याने गिटारीच्या तारांवरून धातूचा तुकडा सरकवून पाहिला. कोणी सांगतात, की वाटेत सापडलेला गंजका बोल्ट चुकून तारेस घासला. कोणी फणीचे नाव घेतात, तर कोणी चाकूच्या पाठीचे. कथा अनेक असल्या तरी एक गोष्ट निश्चित आहे. योगायोगाने झालेला आवाज पुष्कळांच्या कानी पडतो, पण त्याच्यामागे लागून त्याची पद्धत बसविणारा एखादाच असतो. केकुकूने होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेत असताना पोलादाची गुळगुळीत कांडी करून घेतली, तारा उंच उचलल्या आणि वर्षानुवर्षे सराव केला.

या कथेला भारताचाही एक धागा आहे. गॅब्रिएल डेव्हिऑन नावाच्या, भारतात जन्मलेल्या एका तरुणाने १८८० नंतरच्या दशकात होनोलुलूत अशाच रीतीने तार घासून वाजविली होती, अशी आठवण जुन्या हवाईयन लोकांनी नोंदवून ठेवली आहे. आपल्याकडील विचित्रवीणा आणि दक्षिणेतील गोट्टुवाद्यम् ही याच जातीची वाद्ये. तीही तारेवरून गुळगुळीत वस्तू फिरवूनच वाजवितात. त्यामुळे डेव्हिऑनने ही कल्पना भारतातून नेली असावी, असा तर्क काहींनी केला आहे. तर्क मोहक आहे, परंतु तो सिद्ध झालेला नाही. वाद्याला रूप, तंत्र आणि शिष्य दिले ते केकुकूनेच, हे मान्य करण्यात कोणाचाही कमीपणा नाही.

साध्या गिटारीत डावा हात बोटांनी तार दाबतो आणि तिला पडद्यावर टेकवितो. त्यामुळे प्रत्येक सुराची जागा आधीच ठरलेली असते. स्टील गिटारीत वाद्य मांडीवर आडवे ठेवतात. तारा पट्टीपासून इतक्या उंच असतात, की त्या पडद्याला कधी टेकतच नाहीत. डाव्या हातातील पोलादी कांडी तारांवर केवळ टेकविलेली असते, दाबलेली नसते. उजव्या हाताच्या अंगठ्यात व बोटांत नख्या घालून तारा छेडतात. कांडी जेथे असेल तेथे सूर. ती केसभर सरकली तरी सूर सरकतो. म्हणजे पडदे केवळ डोळ्यांना खुणेपुरते असतात आणि खरा हवाला कानावरच राहतो. आपल्या संगीतात ज्याला मींड म्हणतात, ती या वाद्याची सहज चाल होय.

तारा मिळविण्याच्या रीतीही निरनिराळ्या आहेत. सर्व तारा मोकळ्या छेडल्या असता सा, ग, प असा स्वरसमूह उमटावा अशी एक जुनी रीत आहे. पुढे त्यात धैवताची भर पडून सा, ग, प, ध अशी मिळवणी लोकप्रिय झाली. त्या जादा धैवतामुळे या संगीताला तो किंचित हुरहुर लावणारा गोडवा येतो. आणखी एक करामत घंटानादाची. तळहाताच्या कडेने तारेला नेमक्या जागी हलका स्पर्श करून तत्क्षणी ती छेडली, की मूळ सुराच्या वरच्या सप्तकातील घंटेसारखा स्वच्छ नाद निघतो. ऐकणाऱ्यास ती जादू वाटते, पण त्यामागे तारेच्या कंपनाचे शास्त्र आणि हाताची मोठी साधना असते.

केकुकू १९०४ साली अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला आणि पुढे एका नाटकमंडळीबरोबर युरोपात हिंडला. १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये आलेले ‘बर्ड ऑफ पॅरडाइज’ हे नाटक आणि १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेले मोठे जागतिक प्रदर्शन, या दोहोंनी हवाईयन संगीताचे वेड अमेरिकेत पसरविले. ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांत या संगीताला तोटा पडू लागला. विजेवर वाजणारी आणि व्यापारी रीतीने विकली गेलेली पहिली गिटार, १९३२ च्या सुमारास बाजारात आलेली, हीही मांडीवर ठेवून वाजवावयाची स्टील गिटारच होती. तिच्या आकारावरून लोक तिला गमतीने तळणीचा तवा म्हणत. आजच्या साऱ्या विद्युत् गिटारी या तव्याच्या वंशातील आहेत. हे सारे पाहणारा केकुकू मात्र १९३२ सालीच न्यू जर्सीत निवर्तला. जन्मगावापासून हजारो मैल दूर त्याला मृत्यू आला.

त्याच लाईए गावात वाढलेला ताऊ मो हा दुसरा वादक. १९२८ साली तो एका हवाईयन संगीतमंडळीबरोबर बाहेर पडला, आणि पत्नीसह व मुलांसह अर्ध्या शतकाहून अधिक काळ आशिया व युरोप खंडांत वाजवीत राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या कुटुंबाचा मुक्काम कलकत्त्यास होता. तेथे गार्नी निस यांच्या ‘अलोहा बॉइज’ या वाद्यवृंदाने हवाईयन संगीत आधीच लोकप्रिय केले होते. कलकत्त्याच्या या वातावरणातून हे वाद्य भारतीय संगीतात खोलवर शिरले. रवींद्रसंगीतापासून हिंदी चित्रगीतांपर्यंत त्याचा संचार झाला. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी गेल्या. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी याच गिटारीवर रागसंगीत मांडले. १९६७ साली निघालेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत संतूर व बासरीच्या जोडीला त्यांची गिटार आहे. पंडित विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेचे मूळही येथेच. १९९४ साली त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले. तेव्हा होनोलुलूस गेलेला मराठी प्रवासी हे वाद्य शोधू लागतो, तेव्हा तो अनोळखी वस्तूच्या नव्हे, तर आपल्याकडे येऊन राहिलेल्या पाहुण्याच्या माहेराच्या शोधात असतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. माहेरीच या पाहुण्याची जागा का आकसली?

वाइकीकीच्या किनाऱ्यावर १९०१ साली उघडलेले मोआना हे हॉटेल अद्याप उभे आहे. त्याच्या चौकात १९०४ साली लावलेला एक प्रचंड वड आहे. आपल्याकडील पारंब्यांचा वड तो हाच. या वडाखालून १९३५ च्या जुलैपासून ‘हवाई कॉल्स’ नावाचा कार्यक्रम आकाशवाणीवरून प्रक्षेपित होऊ लागला. वेब्ली एडवर्ड्‌स हे त्याचे निवेदक. वाइकीकीच्या लाटांचा आवाज, पाठोपाठ स्टील गिटार, मग गाणे, अशी त्याची मांडणी असे. डेव्हिड केली, जूल्स आह सी, बार्नी आयझॅक्स यांसारखे उत्तम स्टीलवादक त्यात वाजवून गेले. भरभराटीच्या काळात जगातील शेकडो केंद्रे हा कार्यक्रम ऐकवीत. परंतु श्रोते कमी होत गेले, आणि १९७५ साली चाळीस वर्षांनी तो बंद झाला.

कारणे एकाहून अधिक होती. नव्या पिढीला रॉक संगीताने ओढून नेले. दुसरे कारण अधिक नाजूक आहे. १८९३ साली हवाईच्या राणीला, लिलिउओकलानीला, पदच्युत करण्यात आले. ती स्वतः उत्तम गीतकार होती. ‘अलोहा ओए’ हे विख्यात गीत तिचेच. १८९६ च्या कायद्याने शाळांतून इंग्रजी हे शिक्षणाचे माध्यम झाले, आणि दोन पिढ्यांत हवाईयन भाषा घराबाहेर ऐकू येईनाशी झाली. १८९८ साली बेटे अमेरिकेस जोडली गेली. पर्यटकांसाठी इंग्रजी शब्दांची हलकीफुलकी गीते रचली जाऊ लागली, आणि स्टील गिटार त्या गीतांची सोबतीण होऊन बसली. पुढे १९७० नंतरच्या दशकात जेव्हा हवाईच्या तरुणांना आपली भाषा, आपले नृत्य आणि आपला इतिहास यांची पुन्हा ओढ लागली, तेव्हा त्यांनी मुख्यतः सैल तारांच्या गिटारीला जवळ केले. स्टील गिटार अनेकांना पर्यटकांचे वाद्य वाटले. गॅबी पाहिनुईसारखा थोर कलावंत दोन्ही वाद्ये वाजवीत असे, ‘सन्स ऑफ हवाई’ या वृंदात डेव्हिड रॉजर्स यांची स्टील गिटार ऐकू येई. पण शिकणारी मुले दिसेनाशी झाली. पर्यटकाने ज्या वाद्याला पोसले, त्याच पर्यटकामुळे ते घरच्यांना परके झाले. परकी भाषा शाळेत आणि आपली भाषा माजघरात, हा अनुभव ज्या मराठी कुटुंबांनी प्रांतांच्या सीमेवर राहून घेतला आहे, त्यांना हे दुखणे अधिक समजावून सांगावे लागू नये.

या वाद्याला सावरण्यात एका परप्रांतीयाचा मोठा वाटा आहे. जेरी बर्ड हे अमेरिकेतील ओहायो राज्याचे. लहानपणी गावात आलेल्या हवाईयन खेळात त्यांनी स्टील गिटार ऐकली आणि जन्मभर तिचाच ध्यास घेतला. नॅशव्हिलमध्ये नाव मिळविल्यावर १९७२ साली ते हवाईस राहावयास गेले. तेथील तरुण हे वाद्य शिकत नाहीत हे पाहून त्यांनी शिकविणे आरंभिले. अॅलन अकाका, ग्रेग सार्डिन्हा, ओवाना सालाझार हे त्यांचे शिष्य. २००५ साली बर्ड यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे शिष्य स्वतः गुरू झालेले होते. अकाका यांनी ओआहूवरील कैलुआ येथे संगीतशाळा चालविली आणि तिच्यातून शाळकरी मुले स्टील गिटार घेऊन व्यासपीठावर बसू लागली. ज्या बेटावरून एका शाळकरी मुलाने हे वाद्य जगाला दिले, तेथे ते बाहेरच्या माणसाच्या हातून परत यावे, यात लाज वाटण्याजोगे काही नाही. विद्या एका हातातून दुसऱ्या हातात जात असली, म्हणजे ती कोठून परत येते याला फारसे महत्त्व उरत नाही.

एवढे ध्यानात आले, म्हणजे प्रवाशाचा शोध सोपा होतो. ही गिटार मोठ्या तमाशांत सापडत नाही. ती संध्याकाळी, उघड्यावर, तीनचार जणांच्या लहान वृंदात सापडते.

पहिले ठिकाण वाइकीकीचे हालेकुलानी हॉटेल. तेथे ‘हाउस विदाउट अ की’ नावाचे समुद्राकाठचे उपाहारगृह आहे. हे नाव १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीचे. सूर्यास्ताच्या वेळी तेथे हवाईयन वृंद वाजतो आणि एक नर्तकी संथ हुला करते. शतकाहून अधिक वयाचा कियावे वृक्ष हे या जागेचे छत्र. हा वृक्ष आपल्याकडील वेड्या बाभळीचा जवळचा नातेवाईक आहे, आणि हवाईतील त्याचे पहिले रोप १८२८ साली होनोलुलूच्या कॅथलिक मिशनच्या आवारात फादर बाशलो यांनी लावले होते. हालेकुलानीचा हा वृक्ष २०१६ साली कोसळला, परंतु तो तोडून न टाकता तेथेच जपला गेला व त्याला पुन्हा पालवी फुटली. जेरी बर्ड आणि अॅलन अकाका या दोघांनीही या हॉटेलात वाजविले आहे. दुसरे ठिकाण मोआनाचा चौक. ‘हवाई कॉल्स’ बंद झाला तरी वड आहे आणि त्याच्या सावलीत संध्याकाळचे गाणे अजून होते. वाइकीकीच्याच रॉयल हवाईयन सेंटर या बाजारसंकुलात विनामूल्य सांस्कृतिक कार्यक्रम होत असतात. उन्हाळ्यात स्टील गिटारचा सप्ताहही तेथे भरत आला आहे. माउई बेटावरही या वाद्याचा वार्षिक उत्सव होत आला आहे. अशा उत्सवात एकाच दिवशी वयोवृद्ध वादक आणि बारा-चौदा वर्षांची मुले एकापाठोपाठ ऐकावयास मिळतात. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून सुटीचे दिवस ठरविण्यापूर्वीच त्या पाहून घेणे शहाणपणाचे.

मात्र ठिकाणाचे नाव कळले म्हणजे काम झाले, असे समजू नये. हवाईयन संगीत असे फलकावर लिहिलेले असले, तरी त्या वृंदात स्टील गिटार असेलच असे नाही. पुष्कळदा साधी गिटार, युकुलेली आणि मोठे बास एवढ्यावरच भागविले जाते. फलकावर गायकाचे नाव असते, स्टीलवादकाचे नसते. म्हणून हॉटेलास दूरध्वनी करून एकच नेमका प्रश्न विचारावा: आज संध्याकाळी स्टील गिटार वाजविणारे कोणी आहेत काय, आणि कोण? उत्तर देणाऱ्यास ठाऊक नसेल, तर त्याने वृंदातील कोणाला तरी विचारून सांगावे, अशी विनंती करावी. वादकाचे नाव कळले, की पुढचा शोध त्या नावाच्या मागे करावा, कारण चांगला स्टीलवादक आठवड्यातून निरनिराळ्या ठिकाणी वाजवीत असतो. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे कार्यक्रम संपल्यावर वादकालाच विचारणे. असे विचारणाऱ्यास बहुधा तो स्वतःचीच नव्हे, तर आपल्या मित्रांचीही ठिकाणे आनंदाने सांगतो.

खर्चाची धास्तीही बाळगू नये. या हॉटेलांतील उपाहारगृहे तेथे न उतरलेल्या पाहुण्यांनाही खुली असतात; एखादे सरबत घेऊन तासभर बसता येते. तेही परवडणारे नसेल, तर हवाईत समुद्रकिनारा कायद्याने सार्वजनिक आहे. वाळूत किंवा किनाऱ्यालगतच्या वाटेवर उभे राहूनही संध्याकाळचे सूर ऐकता येतात. वादकांसमोर पैसे ठेवण्याचे भांडे असेल, तर त्यात यथाशक्ति काही घालण्याची तेथे रीत आहे. ती भीक नव्हे, बिदागी होय.

बसताना शक्य तर अशी जागा निवडावी, की वादकाचा डावा हात दिसेल. कांडी सुरावर पोहोचल्यावर ती स्थिर राहत नाही. मनगटाच्या हलक्या आंदोलनाने सूर थरथरतो. हे आंदोलन किती संथ आणि किती सम आहे यावरून हात ओळखावा. जलद गतीच्या चिजेने भुलू नये. संथ गीतातच वादकाची खरी परीक्षा होते, कारण तेथे चुकलेला सूर लपविण्यास जागा नसते. हवाईयन गायक कधीकधी आवाज एकदम वरच्या पट्टीत उडवितो. तेथे गिटार गळ्याचे अनुकरण करते की गळा गिटारीचे, हे सांगणे कठीण होते. प्रत्येक कडव्यानंतर एक छोटासा ठरावीक तुकडा येतो. तो आपल्या ख्यालातील मुखड्यासारखा. त्या अवधीत गायक श्वास घेतो आणि नर्तकी पुढच्या कडव्यासाठी पावले सावरते. हा तुकडा स्टीलवादकाच्या हाती असतो, आणि तो प्रत्येक वेळी तो थोडा निराळा सजवितो. स्टीलवादक मागे बसलेला असला, गाणे त्याच्या नावावर नसले, तरी साऱ्या वृंदाचा तोल तोच सांभाळीत असतो. हे एकदा कानाला उमगले, की मग ते संगीत केवळ सुटीतील पार्श्वसंगीत राहत नाही.

एखादी विनंती करावयाची झाल्यास वादकाच्या आवडीचे एखादे हवाईयन भाषेतील गीत वाजवावे, अशी करावी. आलेला पाहुणा आपल्या भाषेतले काही ऐकू इच्छितो, याचा आनंद कोणत्याही छोट्या भाषेच्या माणसास निराळाच होतो. १९७८ च्या घटनादुरुस्तीने हवाईयन ही तेथील राजभाषा झाली आणि पुढे तिच्या माध्यमाच्या शाळाही निघाल्या. गाण्यांनी त्या भाषेला पडत्या काळात सांभाळले होते. आता शाळांतून बाहेर पडलेली मुले त्या गाण्यांचे शब्द समजून गाऊ लागली आहेत.

एक दिवस हाताशी असेल, तर वाइकीकीपासून सुमारे पंचावन्न किलोमीटरांवर असलेल्या लाईए गावी जाऊन यावे. केकुकूचा पुतळा तेथे आहे. ताऊ मो जग हिंडून म्हातारपणी याच गावी परतला आणि २००४ साली येथेच त्याने अखेरचा श्वास घेतला. एक परत आला नाही, दुसरा परतला. पण दोघांनी नेलेला स्वर कलकत्त्यापासून जोधपूरपर्यंत कोणी ना कोणी उचलून धरला.

वाद्य हे काचेच्या कपाटात जतन करण्याची वस्तू नव्हे. ते शिकविणारा, शिकणारा आणि ऐकणारा अशा तिघांच्या आधारावर उभे असते. पहिले दोघे हवाईने पुन्हा मिळविले आहेत. तिसरा बहुतेक संध्याकाळी परगावचा असतो. पाठ फिरवून गप्पा मारीत बसलेल्या पन्नास पाहुण्यांपुढे वाजविणे आणि कान देऊन बसलेल्या एकापुढे वाजविणे, यांतील अंतर वादकाच्या हाताला लगेच कळते. हॉटेलचा व्यवस्थापकही पाहुणे काय विचारतात याच्यावर लक्ष ठेवूनच पुढच्या महिन्याचे वादक ठरवितो. स्टील गिटारबद्दल कोणी विचारलेच नाही, तर वृंदातून प्रथम तिचीच जागा कमी होते. तेव्हा हवाईस जाणाऱ्या मराठी प्रवाशाने सामान बांधताना एवढे मनात ठेवावे, की आठवड्यातील एक संध्याकाळ या स्वरासाठी राखावयाची, दूरध्वनीवर तो एक प्रश्न विचारावयाचा, आणि वेळेच्या थोडे आधी जाऊन वादकाचा डावा हात दिसेल अशी जागा धरावयाची.